तिसऱ्या हाकेला ओ

“बाई, एवढं वाचायचं आणि खाली बसायचं. पुढचं मी बघतो की.”

इंगवल्यांनी रिक्षातच तो कागद माझ्या मांडीवर ठेवला. मला अजून चहासुद्धा मिळाला नव्हता. मालवणहून निघालेल्या एसटीनं घाटात पोट ढवळून काढलेलं, अंबाडा कानावर आलेला, आणि माझे प्रकाशक कोल्हापुरात पाय ठेवल्या ठेवल्या मला टाइप केलेली माफी वाचायला देत होते.

मी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं की, माझ्या ‘खाडीकाठची भुतावळ’ या पुस्तकामुळे बालमनावर विपरीत परिणाम झाला याबद्दल मी दिलगीर आहे, आणि पुढच्या आवृत्तीत प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘ते भूत नव्हतं, मनाचा भास होता’ असा खुलासा मी जोडीन. खाली ठिपके आणि ठिपक्यांखाली माझं नाव. कुमारी द्वारका कुबल. केस पिकलेल्या बाईला कुमारी म्हणायचं असल्या कागदांनाच सुचतं.

“कुणावर झाला परिणाम?” मी विचारलं.

“कळवलं होतं की. मगदूमांची मुलगी.”

“घाबरली, एवढंच कळवलंत. भुताची गोष्ट वाचून पोर घाबरणार नाही तर काय फुगडी घालणार?”

इंगवले घाम पुसत बसले. मनानं चांगला माणूस. माझी भुतं छापायला पुण्यामुंबईचं कुणी तयार नव्हतं तेव्हा यांनी छापली होती, म्हणून मी त्यांच्यावर चिडायची ती जरा बेतानंच.

“बाई, पोरगी ओ देत न्हाई,” ते शेवटी म्हणाले. “चांगली खाती, खेळती, बोलती. पण नाव घेऊन हाक मारली की दगड. आईनं मारू दे, बापानं मारू दे, शाळेत हजेरीला मारू दे. कानात बोटं घालून उभी ऱ्हाती. दिवाळीपासनं हे असंच चाललंय.”

“कुठली गोष्ट वाचून?”

“हाकारणीची.”

हाकारीण आमच्या खाडीकाठची. पाण्यात बुडून मेलेली, ओळखीच्या माणसाच्या आवाजात नाव घेऊन हाक मारणारी. ओ दिली की ती माणसाला पाण्यात नेते. आमच्या वाडीत पोर चालायला लागलं की आधी तिची ओळख करून देतात, मग आजोळची. मी ती गोष्ट माझ्या शाळेतल्या चौथीच्या पोरांना दरवर्षी सांगत होते. पोरं घाबरायची, एकमेकांना चिकटून बसायची, आणि दुसऱ्या दिवशी ‘बाई, परत हाकारीण’ म्हणून मागे लागायची. ओ द्यायचं कुणी बंद केलं नव्हतं.

“आणि मी नाही वाचला हा कागद तर?”

“तर शाळांची पुस्तकं ठरवणारी समिती हे पुस्तक सगळ्या शाळांतनं उचलणार. आणि तुमचं दुसरं पुस्तक जुळवून तयार हाय न्हवं, त्याचे छपाईचे खिळे मला परत सुटे करावे लागतील. शाळांनी घेतलं न्हाई तर मी ते कुणाच्या गळ्यात बांधू?” इंगवल्यांनी माझ्याकडं केविलवाणं बघितलं. “वाचा की, बाई. भास होता म्हणायला आपल्या बापाचं काय जातंय?”

मी कागदाची घडी घालून पिशवीत टाकली. रिक्षा शाळेच्या फाटकाशी थांबली होती.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. इंगवलेही गेले. पण शाळेचं ते सभागृह मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. भिंतींना हिरवा ऑइलपेंट, पुढं सतरंजीवर बसलेली मुलं, मागं बाकांवर त्यांचे आईबाप, आणि व्यासपीठावर पांढरा टेबलक्लॉथ घातलेलं टेबल. टेबलाशी समितीच्या प्रमुख पोतनीसबाई. बालमानसशास्त्रात डॉक्टरेट. खादीची साडी, बारीक आवाज, बोलणं अगदी मऊ. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

“आलात, फार बरं वाटलं. कुणाला दोष देण्यासाठी नाही हं हे. पालकांना जरा दिलासा मिळावा, एवढंच.”

फाशी देताना मऊ दोर वापरावा, तसलं ते बोलणं. मी मान हलवली.

तेवढ्यात एक बाई थेट माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. तरुण, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी एका आठेक वर्षांच्या मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं. हाक मारून ती येत नाही, मग धरूनच ठेवावी लागते, हे माझ्या लक्षात यायला क्षण गेला.

“तुम्हीच ना त्या?” बाई म्हणाल्या. “मी हिची आई. सुनंदा मगदूम. परवा रंकाळ्याच्या रस्त्याला ट्रक आला. मी ओरडले, पद्मजा, मागं हो. ही कानात बोटं घालून तशीच उभी. फुलवाल्यानं ओढली म्हणून आज तुम्हाला दिसतेय. माझी पोर तुम्ही मला परकी केलीत, बाई. माझा आवाज ऐकून ती थरथर कापते. आईचा आवाज ऐकून.”

गोष्टीची बाजू घ्यायला मी एसटीत मनातल्या मनात काय काय जुळवून आले होते, ते सगळं तिथल्या तिथं फोल वाटलं.

“तुम्हाला मुलं आहेत?” त्यांनी विचारलं.

“शाळेतली आहेत.”

“मग तुम्हाला नाही कळायचं.”

लागलं ते. खोटं कशाला सांगू. पण ट्रकपुढं माझी पोर उभी असती तर मीही हेच बोलले असते, किंबहुना जास्तच.

“मला तिच्याशी थोडं बोलू द्या,” मी म्हटलं. “इथंच, व्हरांड्यात.”

त्या ‘नाही’च म्हणणार होत्या. पण मागून मुलीचे वडील आले. उंच, शांत माणूस. ते म्हणाले, “बोलू दे, सुनंदा. आता याहून काय बिघडायचं राहिलंय?”

मी मुलीचं नाव घेतलं नाही. नुसता हात पुढं केला, तर ती आली. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचे नळ होते, त्यांच्या कट्ट्यावर आम्ही दोघी बसलो. दोन वेण्या, तांबड्या रिबिनी, गुडघ्यावर खरचटलेलं. चांगली चुणचुणीत पोर.

“तुम्ही हाकारणीच्या बाई ना?” तिनंच सुरुवात केली.

“हो. तुझ्या दप्तरात काय आहे गं एवढं?”

तिनं दप्तरातून माझंच पुस्तक काढलं. त्याला आडवी उभी दोन रबरं लावली होती.

“हे कशाला?”

“आपोआप उघडू नये म्हणून.”

“मग टाकून का नाही दिलंस?”

“गोष्टी मस्त आहेत,” ती म्हणाली. “पण ही एक फार वाईट आहे.” मग माझ्याकडं जरा निरखून बघत तिनं विचारलं, “तुम्ही देता ओ?”

“देते की.”

“मग तुम्हाला नेत नाही?”

“कशी नेईल? मी तिसऱ्या हाकेला देते.”

“तिसऱ्या म्हणजे?”

मला वाटलं, पोर माझी फिरकी घेतेय. “अगं, हाकारीण दोनच हाका मारते. तिसरी तिला मारता येत नाही. गोष्टीतच आहे की.”

“नाहीये.”

“आहे बाळा. शेवटी.”

“नाहीये. मला पूर्ण पाठ आहे.” तिनं डोळे मिटले आणि घडाघडा म्हणायला लागली. “आणि खाडीवरून हाक आली. अगदी आईच्याच आवाजात. रत्ना म्हणाली, ओ. त्यानंतर रत्ना कुणाला दिसली नाही.” तिनं डोळे उघडले. “संपली.”

मी रबरं काढली. पुस्तक शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीचं होतं. त्या आवृत्तीच्या माझ्या प्रती ‘येतायत, येतायत’ म्हणून इंगवले मला झुलवत होते, त्या का येत नव्हत्या ते आता कळलं. गोष्ट रत्नापाशी थांबत होती. खाली वेलबुट्टी, आणि पुढच्या पानावर दुसरी गोष्ट सुरू.

माझ्या गोष्टीत रत्ना हा अर्धा भाग होता. पुढच्या अर्ध्यात तिचा धाकटा भाऊ. त्याला तीच हाक येते, तो बोटावर मोजतो, एक झाली, दोन झाल्या, आणि तिसरीची वाट बघत दाराला पाठ लावून बसून राहतो. तिसरी येत नाही. मग खऱ्या आईची हाक येते, एक, दोन, तीन, आणि तो ओ देऊन दार उघडतो. वर्गात पोरं त्या तिन्ही हाका माझ्याबरोबर मोजायची. तिसरीला सगळा वर्ग एकदम ‘ओ’ म्हणायचा, इतक्या जोरात की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावायचे. तेवढंच नेमकं कुणीतरी कापून टाकलं होतं.

माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. पण पोरीसमोर काय बोलणार.

“चल आत,” मी म्हटलं. “तुझं पुस्तक जरा मला राहू दे.”

आत सगळे जागेवर बसले होते. पोतनीसबाईंनी माझी ओळख करून दिली, मग म्हणाल्या, “कुबलबाई आपल्या सर्वांना दोन शब्द वाचून दाखवणार आहेत.” इंगवल्यांनी पहिल्या रांगेतून मला मान डोलावून धीर दिला.

मी पिशवीतून कागद काढला नाही. पुस्तक वर धरलं.

“हाकारणीच्या गोष्टीचा शेवट कुणी कापला?”

इंगवले एकदम बुटांकडं बघायला लागले. पोतनीसबाईंनी मात्र डोळ्याला डोळा दिला, हे मी कबूल करते.

“मी,” त्या म्हणाल्या. “समितीच्या वतीनं. हे आपण खासगीत बोलू या का?”

“नको. इथंच. का कापलात?”

“कारण तो भाग अंधश्रद्धेचा होता. भूत ही कल्पना झाली. मुलांच्या साहित्यात कल्पना चालते, राक्षस चालतो, परी चालते. पण हाका मोजा, तिसऱ्या हाकेलाच ओ द्या, हा तोडगा झाला. तो शाळेच्या पुस्तकातून शिकवणं आम्हाला योग्य वाटलं नाही.”

बाकांवरचे दोन-चार बाप माना डोलवायला लागले. मला हसूच आलं, आणि त्या हसण्यात राग इतका होता की पुढची मुलं जरा मागं सरकली.

“म्हणजे विष ठेवलंत आणि उतारा काढून टाकलात,” मी म्हटलं. “पोरीला सांगितलंत, आईच्या आवाजात भूत हाक मारतं. खरी आई कशी ओळखायची, ते मात्र सांगितलं नाहीत. मग तिनं करायचं काय? शहाणी आहे ती. तिनं ओ द्यायचंच बंद केलं. तुम्ही दिलेल्या गोष्टीवरून तेवढंच करता येतं.”

मगदूम उभे राहिले. “एक मिनिट, बाई. तिसऱ्या हाकेचं काय म्हणालात?”

“तुम्ही तिला कशी हाक मारता?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, एकदाच मारायची. हळू आवाजात. ओ दिली नाही तर मागं लागायचं नाही, तिच्यावर दडपण येतं. तेव्हापासनं आम्ही एकदाच मारतो. घरात सगळेच.”

“अहो, म्हणजे अख्खं घर त्या पोरीला भुतासारखं हाक मारतंय,” मी म्हटलं. “हळू आवाजात, एकदाच, आणि मग सगळं शांत. मलाही कापरं भरेल.”

कुणीतरी मागं खुसकन हसलं. मगदूमबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

“कुबलबाई,” पोतनीसबाईंचा आवाज आता तितकासा मऊ राहिला नव्हता, “उपाय सोपा आहे. तुम्ही एवढंच सांगा की असं काही नसतं. तो मनाचा भास असतो. तुम्ही लेखिका, तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. कागद आहे ना तुमच्याजवळ?”

“आहे. पण ते मी म्हणणार नाही.”

“का? तुम्ही स्वतः शिक्षिका आहात. तुमचा विश्वास आहे हाकारणीवर?”

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पुस्तकातही लिहिलं नव्हतं. त्या दिवशीही सांगायचं ठरवून गेले नव्हते. पण डोकं तापलेलं होतं, आणि समोर ती पोर तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होती.

“इंगवले मला मघाशी रिक्षात विचारत होते, भास होता म्हणायला बापाचं काय जातंय,” मी म्हटलं. “बापाचंच जातंय, इंगवले. माझा बाबा होडी घेऊन समुद्रात जायचा. आमच्या वाडीत पुरुष मासे मारून आला की दारात उभा राहून तीन हाका मारतो. बायको पहिलीला जागी झाली तरी तिसरी झाल्याशिवाय कडी काढत नाही. नवी सून आली की तिला पहिल्या दिवशी हे शिकवतात. बाबा माझ्या नावानं मारायचा. द्वारके, द्वारके, द्वारके. मी ओ द्यायची आणि आई दार उघडायची.”

मी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

“एका वर्षी नारळीपौर्णिमेनंतर वादळ झालं. होडी सापडली, बाबा नाही. मी हिच्याएवढी होते. त्यानंतर किती तरी पहाटे मला बाबाची हाक ऐकू यायची. द्वारके. एकच. मी उठून दाराकडं धावायची. आई माझी वेणी धरून मला खाली बसवायची. म्हणायची, गप रव, आजून दोन येवंदेत. आणि आम्ही दोघी बसून वाट बघायचो. त्या दोन कधी आल्या नाहीत. दाराबाहेर पायऱ्यांपर्यंत भरतीचं पाणी असायचं. मी कडी काढून धावले असते तर आज तुमच्यापुढं भाषण करायला उभी नसते.”

मी थांबले, टेबलावरचं पाणी प्यायले. पोतनीसबाईंनीच पेला पुढं सरकवला होता.

“तुम्ही म्हणता, भास होता म्हणून सांगायचं. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, द्वारके, तो भास आहे, तर मी त्याच्या तोंडावर थुंकले असते. माझ्या बाबाचा आवाज मी ओळखत नाही होय? आईनं मला तसलं काही सांगितलं नाही. तिनं मोजायला सांगितलं. मोजायचं होतं म्हणून मी थांबले. आणि मोजता मोजताच मला कळलं की बाबा आता यायचा नाही. तेव्हा हाकारीण आहे का नाही, हे मला विचारू नका. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतोच, तुम्ही पुस्तकातून काढलात तरी असतो. मी पोरांना त्याच्यापुढं उभं राहायला शिकवते. तेवढंच माझं काम आहे आणि त्याची मी माफी मागणार नाही.”

मग मी व्यासपीठावरून खाली उतरले, सतरंजीवर मुलांमध्ये बसले आणि कापलेला अर्धा भाग सांगितला. भावाला आलेली हाक, दाराला लावलेली पाठ, बोटावरची मोजणी, न आलेली तिसरी. माझ्या शाळेतल्या पोरांना सांगते तसाच, सगळे आवाज काढून. कोल्हापूरची पोरं आमच्या पोरांसारखीच एकमेकांना चिकटली. खऱ्या आईच्या तिसऱ्या हाकेला मी थांबले, तर कुणी न सांगता दहा-बारा जणांनी ‘ओ’ केलं.

पद्मजा त्यांच्यात नव्हती. ती ओठ मिटून बसली होती.

“मगदूमबाई,” मी म्हटलं, “तुम्ही मारा आता हाक. मी नाही. तुम्ही.”

“इथं? सगळ्यांपुढं?”

“इथंच.”

मी पद्मजाला पार पलीकडं, खिडकीपाशी नेऊन उभं केलं. तोंड भिंतीकडं. तिला एवढंच सांगितलं, “तुला वाटलं तर मोज. नाही वाटलं तर नको.” आणि मागं आले.

मगदूमबाई उभ्या राहिल्या. पदर घट्ट ओढून घेतला.

“पद्मजा.”

पोरीचे दोन्ही हात झटकन कानाकडं गेले. बोटं कानात शिरली. मला वाटलं, संपलं. पण मग उजवा हात हळूहळू खाली आला आणि तिनं अंगठा मुठीतून बाहेर काढला. मोजायचं तर कानातलं बोट काढावं लागतं, हे माझ्याही आधी कधी ध्यानात आलं नव्हतं.

“पद्मजा.” दुसऱ्या वेळी आवाज मध्येच चिरकला.

पोरीनं अंगठ्याशेजारचं बोट उघडलं. पाठ ताठ. रिबिनी थरथरत होत्या.

आणि मगदूमबाई थांबल्या. तोंडावर पदर धरून मटकन बाकावर बसल्या. “नाही हो होत माझ्यानं. दोनदा मारली. नाही देत ती. बघा ना, नाही देत.”

पोर भिंतीकडं तोंड करून, दोन बोटं उघडी ठेवून उभी. दोन हाका झाल्या होत्या आणि मागं काहीच आवाज नव्हता. ती शांतता त्या पोरीला काय सांगत असेल, ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी जवळजवळ ओरडलेच.

“बाई, थांबू नका. थांबतं ते भूत. मारा हाक.”

मगदूमबाई बसूनच, रडतच, सगळी ताकद लावून म्हणाल्या, “पद्मजा.”

तिसरं बोट उघडलं. पोर गर्रकन वळली.

“ओ, आई.”

आणि धावत आली ती सतरंजीवरच्या मुलांना तुडवतच. मगदूमबाईंनी तिला कवेत घेतलं आणि परत हाक मारली, परत मारली, आणि ती प्रत्येक हाकेला ओ देत राहिली, गुदमरत, हसत. तिचे वडील भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

एवढं झालं म्हणून समिती विरघळली असं नाही. पोतनीसबाईंनी सभा संपल्यावर शांतपणे सांगितलं की पद्मजाचं बघून त्यांना फार आनंद झाला, पण नियम तो नियम, खुलासा जोडल्याशिवाय पुस्तक शाळांत राहू शकत नाही. मी पिशवीतून कागद काढून इंगवल्यांच्या हातात दिला. म्हटलं, “हा घ्या. शेंगदाणे बांधायला होईल.” पुस्तक शाळांतून गेलं. दुसऱ्या पुस्तकाचे जुळवलेले खिळे इंगवल्यांनी सोडले, आणि सोडताना, त्यांचा फोरमन सांगत होता, स्वतः जवळ उभे राहून डोळे पुसत होते. पुढं सावंतवाडीच्या एका छापखान्यानं माझी सगळी भुतं छापली, अख्खीच्या अख्खी, शेवटांसकट. खुलासा मी आजतागायत एकाही गोष्टीला जोडलेला नाही.

पण त्या दिवशी मी निघाले तेव्हा पोतनीसबाई पायऱ्यांपर्यंत मला पोचवायला आल्या. मग म्हणाल्या, “एक विचारू? रागावू नका. तिसऱ्या हाकेलाही तिनं ओ दिली नसती तर?”

मी चपला घालत होते.

“तर चौथी मारायला लावली असती,” मी म्हटलं.